कोरडी बशी

१

शेवटचा सीन सुरू व्हायचा त्या जागी पडदा काळा झाला.

आधी सगळ्यांना वाटलं वीज गेली, पण पंखा तर फिरत होता. मग वाटलं, ही दिग्दर्शिकेची कलाकुसर असेल. हल्लीच्या सिनेमात कधी काय काळं होईल सांगता येत नाही. वितरक कौतुकाने मान हलवायच्या बेतात होता, तेवढ्यात संकलक खुर्चीतून उठला आणि म्हणाला, "हे मी केलेलं नाही."

सीन गेला होता. संकलनाच्या मशीनमधून कोणीतरी तो पुसून टाकला होता. दुसरी आणि शेवटची प्रत ज्या डिस्कमध्ये होती ती कपाटात असायची. कपाटाला कुलूप होतं, आत डिस्कचा डबा होता, आणि डबा रिकामा होता.

सिनेमा एका दारुड्या बापाचा होता. बाप पितो, घर सोसतं, मुलगी बाटल्या शोधत मोठी होते. अशा गोष्टी पैशाला पासरी मिळतील. पण या सिनेमाचा शेवट दुसऱ्या कोणाकडे नव्हता. पूर्ण सिनेमाभर बापाचं काम एका नावाजलेल्या नटाने केलं होतं, आणि शेवटच्या सीनमध्ये त्याच्या जागी खुद्द बाप येऊन बसायचा. दिग्दर्शिकेचा सख्खा, जन्मदाता बाप. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून तो स्वतःच्या हाताने चहा ओतायचा, कप उचलायचा आणि समोर बघून सांगायचा, मी सोडली, तुम्हा सगळ्यांना फार छळलं, माझं चुकलं.

तो सीन पुन्हा घेता येणार नव्हता. शूटिंग संपल्यावर या माणसाने परत बाटली धरली आणि पावसाळा संपायच्या आत तो गेलाही.

दिग्दर्शिकेच्या मोठ्या भावाने, म्हणजे सिनेमाचा सगळा व्यवहार बघणाऱ्या थोरल्याने, पोलिसांना फोन केला नाही. त्याने मावशीला फोन केला.

मावशीचा सगळा जन्म विमा कंपनीत गेला होता. गोदामं जळाली, दुकानं फुटली, की कंपनी तिला पाठवायची. राखेत उभी राहून ती सांगायची की आग लागली त्या आधी माल हलवला होता की नव्हता. तिच्यापुढे भले भले व्यापारी ताकाला जाऊन भांडं लपवायचे आणि अर्ध्या तासात भांडं तिच्या हातात द्यायचे. निवृत्त झाल्यापासून मात्र तिच्या वाट्याला शेजारणीची हरवलेली मांजर सोडून दुसरं प्रकरण आलं नव्हतं, आणि ती मांजरही आपल्या पायाने परत आली होती.

ती ऑफिसात शिरली तर दारातच पोस्टरचा गठ्ठा पडलेला. वरच्या पोस्टरवर भावोजी, तिच्या ताईचा गेलेला नवरा. त्याच शेवटच्या सीनमधले, सेटवरच्या छायाचित्रकाराने टिपलेले. एका हातात काठोकाठ भरलेला कप, दुसरा हात मांडीवर, टेबलावर स्वच्छ पांढरी बशी, आणि तोंडावर एक लाजरं हसू. फोटो इतका चांगला आला होता की क्षणभर मावशीला भावोजींचा राग आठवेना. तरी त्यात काहीतरी खटकलं. काय ते मात्र समजेना.

"सिनेमा आठवड्याने लागतोय," थोरला म्हणाला. "आणि मावशी, कुलूप फोडलेलं नाही. बाहेरचं कोणी नाही हे. आपल्यातलंच आहे."

२

संकलकाला सगळे घुबड म्हणायचे, कारण तो रात्री जागायचा आणि दिवसा बोलताना डोळे मिटायचा. मावशीने त्याला दिवसाच गाठलं.

"कपाटाची किल्ली कोणाकडे असते?"

"दारामागच्या खिळ्यावर."

"आणि हे कोणाला माहीत आहे?"

"सगळ्यांनाच. शोधायला लागू नये म्हणून तर खिळ्यावर ठेवतो."

"वा. मग कुलूप कशाला घातलंत? शोभेला?"

घुबडाने डोळे उघडले आणि परत मिटले. सीन त्याने पडदा काळा झाला त्याच्या आदल्या दिवशी सकाळी बघितला होता, तेव्हा तो जागेवर होता. मशीन उघडायचा सांकेतिक शब्द तिघांना ठाऊक होता, त्याला, थोरल्याला आणि दिग्दर्शिकेला. नटालाही असेल. कारण नटाला एकदा तो सीन बघायचा होता आणि घुबडाने त्याच्यासमोरच शब्द टाइप केला होता.

"बघून काय म्हणाला नट?"

"काहीच नाही. परत लावा म्हणाला. मग परत लावा म्हणाला. मग उठून गेला."

थोरला तोपर्यंत सगळं ऑफिस उलथंपालथं करून बसला होता. कपाटं, खोकी, पंख्याच्या वरचा धूळभरला फळीचा तुकडासुद्धा.

"सगळ्यात पहिलं काय शोधलंस?" मावशीने विचारलं.

"ते टेबल." त्याने धाकट्या बहिणीच्या खोलीकडे बोट दाखवलं. "आपल्या घरचं, स्वयंपाकघरातलं. शूटिंगला नेलं होतं, आता ती त्याच्यावरच काम करते. त्याचा खण पूर्ण बाहेर ओढला की मागे पोकळी आहे. बाबा तिथे बाटली ठेवायचे. सिनेमात तो प्रसंगच आहे. म्हटलं, चोराने सिनेमा बघितलाय तर तिथेच ठेवेल."

"होती?"

"नाही. आम्ही दोघांनीच बघितलं. धाकटीने टॉर्च धरला होता."

थोरला शाळेत जायच्या वयाचा झाला तसा मावशीकडेच राहिला होता. घरात अभ्यास होत नाही, असं तेव्हा सगळे म्हणायचे, आणि सगळ्यांना त्याचा अर्थ माहीत असायचा. धाकटी घरीच राहिली. त्यामुळे बाबांची बाटली त्याने सिनेमातच पाहिली होती, आणि बाबांवरचा राग मात्र स्वतःचा होता.

"तुला तो सीन आवडला नव्हता म्हणे."

"नाहीच आवडला. आयुष्यभर छळायचं आणि शेवटी एक कप चहा ओतून देव व्हायचं? मी धाकटीला तोंडावर सांगितलं होतं. पण म्हणून मी पुसणार नाही. वितरकाने सिनेमा घेतला तो त्या सीनसाठी. आणि आईला तेवढंच बघायचंय." त्याने एक खोकं पायाने बाजूला सारलं. "भांडलो आम्ही त्या दिवशी, पण ते पोस्टरवरून. सकाळी छापून आलं तर ती माझ्या अंगावर धावून आली. म्हणे हा फोटो लावायचा नाही, नटाचा लाव. अगं, छापून झालं, आता काय लोणचं घालू?"

"त्या दिवशी म्हणजे कधी?"

"घुबडाने शेवटचा सीन बघितला ना, त्याच दिवशी."

धाकटी तिच्या खोलीत होती. खुर्ची भिंतीला लावलेली, समोर दार. मावशीला बघून ती उठली, पाया पडली, चहा मागवला. डोळ्यांखाली काळं झालं होतं, पण आवाज शांत होता.

"शोध मावशी. कोणी नेलं ते मलाही कळू दे."

मावशीने आजवर शेकडो लुटलेली माणसं पाहिली होती. ती रडतात, शिव्या देतात, दहा जणांवर संशय घेतात. ही पोर कोणावरच संशय घेत नव्हती.

३

ताईच्या घरी मावशी दुपारी गेली. ताई तिच्याहून मोठी, पण नवरा गेल्यापासून ती अंगाने एवढीशी झाली होती. घराबाहेर पाऊल टाकत नव्हती. भाजीसुद्धा खालून दोरीने वर यायची.

स्वयंपाकघरात आता नवीन टेबल होतं. ताईने चहा केला आणि कप पुढे सरकवला. कप अर्धाच भरला होता.

"चहा महागलाय का?" मावशी म्हणाली.

"सवय गं," ताई म्हणाली, आणि भांड्यातला उरलेला तसाच ठेवून बसली. "सापडली का?"

"शोधतेय."

"मला सगळा सिनेमा नकोय. तो मी इथे घरातच बघितलाय, कितीतरी वर्षं, रोजचे खेळ. मला तेवढा शेवटचा सीन बघायचाय. थोरल्याला म्हटलं, थिएटरात मला मागच्या दाराने शेवटालाच आत सोड."

"त्यात काय बघायचंय तुला? भावोजी बोलले ते पोरांनी सांगितलंच की."

"बोलायला तो कायमच पटाईत होता. बोलणं नाही. तो कसा बसलाय, कसा ओततोय, ते एकदा मला बघू दे. मग मी मोकळी झाले." ताई पदराने टेबल पुसत राहिली, जिथे काहीच सांडलं नव्हतं तिथे. "तू शोधशील ना? तुझ्या हातून काही सुटत नाही म्हणतात."

मावशीने शब्द दिला. विमा कंपनीत असताना तिने कधी कोणाला शब्द दिला नव्हता, कारण तिथे तसा नियमच होता. आणि नियम किती शहाणपणाचा होता ते तिला दुसऱ्याच दिवशी कळायचं होतं.

४

नट आपल्या घरच्या गच्चीत कुंड्यांना पाणी घालत होता. मावशीला बघून त्याने झारी खाली ठेवली आणि आपणहून कबूल केलं की त्याला संशयित व्हायला आवडेल.

"कारण माझ्याकडे आहेच. अख्खा सिनेमा मी खांद्यावर वाहिला, आणि शेवटी मला उठवून त्यांना बसवलं. कुठल्या नटाला चालेल? मी तो सीन तीनदा बघितला. चौथ्यांदा बघितला असता तर रडलो असतो, म्हणून उठलो."

"मग चोरला का नाही?"

"मी चोरला असता तर त्याच दिवशी जाळला असता, बाई. ज्याला नको असतं तो जाळतो. तुम्ही शोधत बसला नसता."

मावशीने मनातल्या मनात त्याला एक गुण दिला. तिनेही हाच विचार केला होता. मशीनमधलं पुसायला क्षण लागतो. डिस्कही तिथेच पुसून परत डब्यात ठेवता आली असती. पण चोराने डिस्क पुसली नव्हती, उचलून नेली होती. ज्याने नेली त्याला ती जगापासून लपवायची होती आणि स्वतःजवळ ठेवायचीही होती.

"भावोजींना तुम्ही ओळखत होता?"

"त्यांच्याकडे रोज जाऊन बसायचो, कामासाठी. त्यांचा आवाज, चाल, सगळं उचललं. आणि हात. हाताचं तर धाकट्या मॅडमनी मला डोकं फिरेस्तोवर शिकवलं."

"हाताचं काय?"

नटाने झारी उचलली. त्याचा हात असा थरथरायला लागला की पाणी त्याच्याच पायावर सांडलं. मग त्याने झारी दुसऱ्या हातात घेतली, आणि हात दगडासारखा स्थिर.

"कुठला प्यालेला?" त्याने विचारलं.

"थरथरतो तो."

"सगळे असंच म्हणतात. मीही पहिल्या दिवशी तसंच केलं. मॅडम म्हणाल्या, उलटं आहे. बाबांचे हात न पिता थरथरतात. दोन घोट पोटात गेले की थांबतात. डॉक्टरांनी सांगितलं होतं म्हणे, ही थरथर काही सुटायची नाही, दारू सुटली तरी. आम्ही ओळख करून घ्यायला बसायचो ना, तेव्हा त्यांची सुटलेलीच होती, आणि बिचाऱ्यांना बशीशिवाय कप उचलता यायचा नाही. तुमची ताई त्यांना अर्धाच कप द्यायची, सांडू नये म्हणून."

तिने भावोजींना आजवर लग्नाकार्यातच पाहिलं होतं, आणि तिथे त्यांचे हात कायम स्थिर असायचे. ती मनात म्हणायची, माणूस पितो पण हात बघा कसे, जसे काही सोनाराचे.

"त्या सीनच्या दिवशी तुम्ही सेटवर होता?"

"सकाळी होतो. फार वाईट वाटलं. चहा ओतायला जायचे आणि सगळा टेबलावर. बशी भरायची, बाही भिजायची, आणि ते ओशाळून हसायचे. चार वेळा झालं, पाच वेळा झालं. शेवटी मला बघवेना, मी निघून आलो. दुपारनंतर कसा काय एकदम जमला देव जाणे."

मावशीला देवापर्यंत जायची गरज नव्हती. तिच्या डोळ्यांपुढे पोस्टर उभं होतं. काठोकाठ भरलेला कप, एका हातात. आणि खाली बशी, कोरडी ठणठणीत.

५

धाकटी खोलीत एकटीच होती. मावशीने दार आतून लावून घेतलं.

"जरा ऊठ बाळ."

"का?"

"ऊठ तर."

धाकटी उठली नाही. मावशीने तिला खुर्चीसकट बाजूला सरकवलं, टेबलाचा खण पुरता बाहेर ओढून जमिनीवर ठेवला आणि हात आत घातला. खांद्यापर्यंत. पोकळीच्या तळाशी एक जुना पुरुषी हातरुमाल होता, आणि त्यात गुंडाळलेली डिस्क.

"तिथे दादाने शोधलं होतं," धाकटी म्हणाली. आवाज अजून शांतच.

"म्हणून तर तिथे आहे. तुझी आई मला फोनवर सांगायची, हा माणूस शोधून झालेल्या जागीच परत आणून ठेवतो, कारण तिथे कोणी दुसऱ्यांदा बघत नाही. तुझ्या दादाने ही जागा बघितली आणि रिकामी निघाली, हे दोघांनाच माहीत होतं. दादा डिस्क लपवेल कशाला, त्याचा सगळा धंदा तिच्यावर उभा आहे. टॉर्च तू धरला होतास."

मावशीने डिस्कवरचा रुमाल उलगडला.

"पोस्टर आलं त्या सकाळी तू दादावर धावलीस. फोटो वाईट आहे म्हणून नाही. तोपर्यंत तू तो सीन बाबांचं तोंड बघत बघत लावत होतीस, हो ना? मलाही आधी तोंडच दिसलं. कागदावर आला तेव्हा तुला पहिल्यांदा ती कोरडी बशी दिसली. आणि तुझ्या लक्षात आलं की जगात आणखी एक बाई आहे जिला ती दिसणार. आई."

"आईला एका नजरेत कळलं असतं," धाकटी म्हणाली.

"भावोजींना बाटली कुठून मिळाली? तुमच्या सेटवर तर सगळ्या बाटल्यांत काळा चहा असतो."

"एक खरी होती." धाकटीने हात मांडीखाली दाबून धरले होते. "ग्लास अगदी जवळून दाखवायचा असला की चहा चालत नाही. खरी दारू काचेला तेलासारखी धरते, चहा तसा धरत नाही. म्हणून एक आणून ठेवली होती, माझ्याच पेटीत. सकाळी त्याला जमेना. मला म्हणाला, राहू दे बाळ, त्या नटालाच बसव, तो माझ्यापेक्षा चांगला करतो. मी सगळ्यांना जेवायला बाहेर काढलं. कपात मीच ओतली, मावशी. तो नको म्हणाला. हात मागे घेतला त्याने. मी म्हटलं, एकदाच, माझ्यासाठी."

बाहेर कोणीतरी खोकी ओढत होतं. धाकटीने आवाज खाली आणला.

"मग त्याचे हात थांबले. मी कॅमेऱ्याच्या मागे जाऊन उभी राहिले आणि त्याने सांगितलं की मी सोडली. पहिल्याच टेकमध्ये. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. निघताना मला बाजूला घेऊन त्याने हळूच विचारलं, उरलीय का गं थोडी?"

मावशी समोरच्या खुर्चीत बसली. तिने आजवर लोकांच्या आगी बघितल्या होत्या, लावणारेही बघितले होते. त्यांना काय बोलायचं ते तिला ठाऊक असायचं. इथे तिला पोरीला जवळ घ्यावंसं वाटलं आणि एक मुस्काटात द्यावीशीही वाटली. दोन्ही झालं नाही.

"मग पुसून का नाही टाकलीस?"

"टाकणार होते. रोज ठरवते. सगळे गेले की काढते, एकदा लावून बघते, तो माझ्याकडे बघून बोलतो ते. माझ्याशी तो तसा दुसऱ्यांदा कधी बोललाच नाही गं. मग परत आत ठेवते." तिने डिस्कसाठी हात पुढे केला. "उद्या पुसते. नक्की."

मावशीने हा शब्द ओळखला. ताईच्या घरात तो कितीतरी वर्षं रोज सकाळी ऐकू यायचा, नक्कीसकट. बापाची बाटली ज्या पोकळीत होती त्याच पोकळीत लेकीने आपली ठेवली होती.

तरी तिने डिस्क परत दिली. हिसकावून घेतली तर उपयोग नसतो, हेही ताईनेच तिला शिकवलं होतं. सिनेमा लागेल तो तसाच, काळ्या पडद्यावर संपणारा, आणि बघणारे त्यालाच कला म्हणतील.

"तुझ्या दादाला सांगते, नाही सापडली," ती म्हणाली. "पोस्टरचं मात्र माझ्या हातात नाही."

"आई घराबाहेर पडत नाही," धाकटी म्हणाली, आणि खण जागेवर बसवायला वाकली.

६

ताई दारातच उभी होती.

"सापडली?"

"सापडली, पण खराब झालीय. लागत नाही. घुबडाने खूप खटपट केली, मध्येच थोडंसं दिसलं आणि गेलं." थोरल्याला ती नाही सापडली एवढंच म्हणाली होती, पण ताईला शब्द दिला होता, म्हणून वाटेत जुळवलेलं सगळं मावशीने एका दमात सांगून टाकलं. खोटं बोलणारे एका दमात बोलून टाकतात, हे इतरांना शिकवणारी ती बाई.

"थोडंसं दिसलं? तुला दिसलं?"

"हो."

ताईने तिचा दंड धरला आणि तिला टेबलाशी बसवलं. "मग सांग. हात कसे होते त्याचे?"

मावशीला वाटलं होतं, ती तोंडाबद्दल विचारेल.

"त्या शूटिंगच्या दिवशी तो घरी आला ना, तर मला म्हणाला, बस, आज मी चहा करतो," ताई म्हणाली. "आणि केला. कप भरून ओतला, एक थेंब खाली नाही. मी प्याले गं तो चहा. काय बोलणार होते? पोरं खूश होती. दुसऱ्या दिवसापासून तर मग उघडच सुरू झालं. पण मला एवढंच कळून घ्यायचंय, तो त्या सीनच्या आधी प्यायला की नंतर. नंतर प्यायला असेल तर चालेल. तर मग निदान बोलला तेव्हा शुद्धीत बोलला. तेवढं एक वाक्य तरी त्याने मला खरं दिलं, असं धरून मी बसेन."

हे होतं तर. बाईला आयुष्याच्या हिशेबात एक वाक्य हवं होतं, दुसरं काही नाही.

"थरथरत होते," मावशी म्हणाली. "चांगलेच. ओतताना सांडला त्यांनी. बशी भरली होती."

"खरं?"

"बाहीसुद्धा भिजली."

ताईने दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि ती रडली. बऱ्याच दिवसांनी, बहुतेक बऱ्याच वर्षांनी, ती बरं वाटून रडत होती. मावशीने तिच्या पाठीवरून हात फिरवला. आपण आज केलं ते पाप की पुण्य, हे ठरवायला तिला सवड मिळाली असती तर बरं झालं असतं.

बेल वाजली. थोरला आत आला तो काखेत लांब गुंडाळी घेऊन.

"सीन नाही तर नाही, आई. म्हटलं, निदान हा तरी तुझ्या भिंतीवर लावू."

"आत्ता नको," मावशी झटकन उठून म्हणाली. "ती दमलीय. उद्या बघेल."

"राहू दे की गं. दाखव रे," ताई डोळे पुसत म्हणाली. तिच्या तोंडावर अजून ते बरं वाटलेलं होतं.

थोरल्याने पोस्टर टेबलावर पसरलं, कोपऱ्यांवर डबे ठेवले. ताईने चष्मा लावला. आधी तिने नवऱ्याचं तोंड बघितलं आणि हसली. मग तिची नजर खाली आली, हातावर, कपावर, बशीवर. बशीवर ती राहिली. तिने बोटाने ती बशी पुसल्यासारखी केली.

"हा कधीचा रे?"

"त्याच सीनचा. ते बोलत होते तेव्हाचा." थोरल्याला वाटलं, आईला आवडलं. तो खुलला. "सकाळी काही केल्या जमेना, सगळा चहा टेबलावर. मग धाकटीने आम्हा सगळ्यांना जेवायला बाहेर काढलं. दोघंच आत बसली होती बराच वेळ. काय जादू केली तिने कोणास ठाऊक, परत आलो तर बाबा एकदम सुरळीत."

"दोघंच?"

"हो. ती कोणाला आत येऊ देईना."

ताईने मावशीकडे पाहिलं. विचारलं काहीच नाही. मावशीनेही मान खाली घातली, आणि विचारलं नव्हतं त्याचं उत्तर तेवढ्याने देऊन झालं.

"चांगला आलाय फोटो," ताई मुलाला म्हणाली. "लाव तिथे, समोरच्या भिंतीवर."

तो खिळा शोधायला गेला. ताईने गॅस पेटवला, चहा उकळला, गाळला. कप मावशीपुढे ठेवून ती ओतत राहिली, अर्ध्यावर थांबली नाही, काठ येईपर्यंत ओतत राहिली. मग भांडं खाली ठेवून पलीकडे बसली.

"घे," ती म्हणाली.

मावशीने कप उचलला, आणि चहा बशीत सांडला.